आधीचा एक तास आणि नंतरची वीस वर्षे

मागच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत, सकाळी साडेसहाच्या सुमारास, एक गृहस्थ मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून माझ्या दवाखान्यात आले. वय बावन्न. पहाटे साडेतीनला छातीत कळ आली, म्हणून घरच्यांनी ओवा दिला, मग सोडा दिला, मग उजाडण्याची वाट पाहिली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि डावा हात ते उजव्या हाताने धरून होते. "डॉक्टरानू, पित्त झाला हा, एक इंजेक्शन मारा, बरा वाटात," एवढेच ते म्हणाले. मी ईसीजी काढला. छातीवरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या लीडमधली रेषा खाली उतरायचे विसरून वरच राहिली होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची ती खूण होती.

ॲस्पिरिन चावायला दिली, क्लोपिडोग्रेल दिले, १०८ ला फोन केला. जवळच्या सरकारी रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे का, हे विचारले. मागणी पाठवली आहे, साठा आलेला नाही, असे उत्तर आले. मग एकच वाट उरली, जी सिंधुदुर्गातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे : बांबोळी, म्हणजे गोव्याचे सरकारी मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). तिथे अँजिओप्लास्टी होईपर्यंत अकरा वाजून गेले होते, म्हणजे रक्तवाहिनी बंद होऊन साडेसात तास उलटले होते. ते गृहस्थ वाचले. आज ते चालतात, बोलतात, गणपतीत भजनालाही बसतात. मात्र त्यांच्या हृदयाचे पंपिंग तीस टक्क्यांवर आले आहे. काजूच्या बागेचा चढ ते चढू शकत नाहीत आणि या पावसाळ्यात त्यांची शेती पडीक राहिली. हॉस्पिटलच्या कागदावर हा रुग्ण "बरा होऊन घरी गेला" असा नोंदला गेला असणार, आणि ती नोंद खोटीही नाही. पण ते घर पूर्वीसारखे उभे राहिलेले नाही, हे मी दर महिन्याला पाहतो.

गेली सव्वीस वर्षे मी या जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करतो आहे. ग्रामीण भागात हृदयोपचार आणायचे म्हणजे काय, याविषयी जी मागणी आपल्याकडे वारंवार होते ती एकाच शब्दात मावते : कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करण्याची सुसज्ज खोली. जिल्ह्याला कॅथलॅब द्या, उपजिल्हा रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया सुरू करा. या मागणीमागची कळकळ मला पूर्ण मान्य आहे, कारण ती कळकळ माझीही आहे. पण माझे मत असे झाले आहे की, शस्त्रक्रिया दूर असल्यामुळे आपली माणसे जेवढी दगावतात, त्याहून कितीतरी अधिक माणसे शस्त्रक्रियेच्या आधीच्या पहिल्या तासाचे उपचार आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पुढच्या वीस वर्षांची देखभाल गावात नसल्यामुळे दगावतात किंवा कायमची अधू होतात. या दोन गोष्टी तालुक्यात आणणे शक्य आहे, आणि त्या आधी आणल्या पाहिजेत.

पहिल्या तासाचे गणित अगदी सरळ आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. अँजिओप्लास्टी हा सर्वांत चांगला उपाय आहे, पण ती दोन तासांच्या आत होणार असेल तर. ती तेवढ्या वेळात होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध आधी द्यायचे आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवून पुढच्या चोवीस तासांत अँजिओग्राफी करायची, हा जगभर मान्य झालेला मार्ग आहे. स्ट्रेप्टोकायनेज हे जुने आणि स्वस्त औषध आहे. 15 लाख युनिट सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायचे असते. टेनेक्टेप्लेज महाग आहे, पण ते वजनाप्रमाणे मोजून एकाच वेळी शिरेतून देता येते. धोका नाही असे नाही : शंभरात एखाद्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि आधी तसा रक्तस्राव झालेल्या किंवा नुकतेच मोठे ऑपरेशन झालेल्या माणसाला हे औषध देता येत नाही. इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला मॉनिटरवर ठेवावे लागते आणि ठोके बिघडले तर शॉक देण्याचे यंत्र हाताशी असावे लागते. माझ्यासारख्याच्या एका खोलीच्या दवाखान्यात ते म्हणूनच ठेवता येत नाही. पण ग्रामीण रुग्णालयात ते निश्चित ठेवता येते. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. ईसीजी काढणारे हात, तो वाचणारे डोळे (ते शंभर किलोमीटर दूर बसलेले असले तरी चालतात) आणि कपाटात मुदत न संपलेली कुपी एवढेच लागते.

हे कागदावरचे स्वप्न नाही. तामिळनाडूत लहान रुग्णालये एका मोठ्या केंद्राला जोडून असाच प्रयोग करण्यात आला. त्याचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातील 2,420 रुग्णांमध्ये वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण आधीच्या 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. शेकडा तीन-साडेतीन माणसे म्हणजे काय, हे ज्याला प्रत्येकाचे घर माहीत आहे त्याला विचारावे. कर्नाटकाने नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू करून तालुका रुग्णालयांत टेनेक्टेप्लेज मोफत देण्याची सोय केली. आमच्या शेजारच्या गोव्याने गोमेकॉला केंद्र करून आपली परिघावरची सरकारी रुग्णालये याच पद्धतीने जोडून घेतली. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडण्याआधी कळ आली की नाका ओलांडल्यावर, यावर एखाद्या माणसाच्या हृदयाचा किती भाग वाचणार हे ठरावे, ही गोष्ट मला फार बोचते. महाराष्ट्रानेही स्टेमी (रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा झटका) प्रकल्प हाती घेतला आहे आणि जिथे तो नीट चालतो तिथे त्याने माणसे वाचवली आहेत. माझा आग्रह एवढाच आहे की, तो प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, रात्री दोन वाजता, रविवारी आणि चतुर्थीच्या सुट्टीतही चालला पाहिजे. हृदयविकाराचा झटका ओपीडीची वेळ पाहून येत नाही.

१०८ सेवेबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. 2014 साली सुरू झालेल्या या सेवेने आमच्या भागाचे चित्र बदलले, हे मी कृतज्ञतेने लिहितो. 937 रुग्णवाहिकांपैकी 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 मूलभूत जीवरक्षक, अशी तिची रचना होती. म्हणजे छातीत कळ आलेल्या माणसाकडे येणारी गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यात डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, पण हृदयावर सतत नजर ठेवणारा मॉनिटर मिळेलच असे नसते. पावसाळ्यात घाटात दरड आली की कोल्हापूरची वाट बंद होते, आणि मग वैभववाडीच्या माणसालाही दक्षिणेकडेच जावे लागते.

आता नंतरच्या वीस वर्षांविषयी, कारण त्यावर कोणीच बोलत नाही.

माझ्याकडे एक सून येते, वय एकतीस. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिला जिना चढताना धाप लागू लागली. पोटुशीला धाप लागतेच, असे सगळे म्हणाले. सातव्या महिन्यात तिला रात्री आडवे पडून झोपता येईना, तेव्हा कळले की हृदयाची मायट्रल झडप आकसलेली आहे. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, आणि तो संधिवाताचा ताप झडपेवर आपली खूण ठेवून गेला, असा हा आजार असतो. दाटीवाटीच्या घरांत आणि गरिबीत तो अधिक सापडतो, आणि एकदा ताप येऊन गेल्यावर दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे 12 लाख युनिटचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले, तर पुढची हानी बहुतांशी टळते. इतके साधे, जुने आणि स्वस्त औषध कित्येकदा बाजारातून गायब असते. नफा नसलेले औषध बनवायला फारसे कोणी उत्सुक नसते आणि रिॲक्शनच्या भीतीने ते टोचायलाही फारसे कोणी तयार नसते. तिला ते कधीच मिळाले नाही. पुढे तिची झडप बदलावी लागली. महात्मा जोतिराव फुले योजनेतून मोठ्या शहरात ऑपरेशन झाले, खर्च बसला नाही, ऑपरेशन उत्तम झाले.

त्यानंतर ती गावी परत आली. माझ्या खोलीत पंखा बंद असला की तिच्या छातीतल्या धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येतो. त्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि गोळीचे प्रमाण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासायचा आहे. मायट्रलच्या जागी धातूची झडप असली की तो आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहावा लागतो. खाली गेला तर झडप अडकते किंवा पक्षाघात होतो, आणि वर गेला तर रक्तस्राव. एका श्रावणात तिचा आकडा दीडवर आला होता. मी गोळ्या मोजल्या, एकही चुकली नव्हती. मग जेवणाविषयी विचारले. मासे बंद, म्हणून महिनाभर अळू, टाकळा आणि शेवग्याचा पाला. या पाल्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते नेमके या गोळीच्या विरुद्ध काम करते. शहरातल्या डिस्चार्ज कार्डावर "हिरव्या पालेभाज्या बेताने" असे इंग्रजीत छापलेले होते. टाकळा हा शब्द त्या कार्डाला कुठून ठाऊक असणार? तपासणीसाठी तिला अर्धा दिवस एसटीने जावे लागते आणि त्या दिवशीची मजुरी बुडते. बोटाच्या थेंबभर रक्तावर आयएनआर सांगणारे, साखर तपासण्याच्या यंत्राएवढे यंत्र मिळते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे, या मागणीसाठी मी आजवर एकही मोर्चा पाहिलेला नाही.

मुलांच्या बाबतीत आपण निदान शोधून काढण्याचे काम बऱ्यापैकी करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच पालघरमधून झाली, आणि अंगणवाडीत स्टेथोस्कोप घेऊन जाणाऱ्या त्या पथकांनी हृदयाला छिद्र असलेली असंख्य मुले हुडकली आहेत. खारघरच्या सत्य साई संजीवनीसारख्या ठिकाणी त्यांची ऑपरेशने पूर्ण मोफत होतात. तरीही ऑपरेशन पक्के होऊनही बाप मुलाला घेऊन जात नाही, असे घडते, आणि मग आपण त्याला अडाणी म्हणतो. महिनाभर बुडणारी मजुरी, मागे राहिलेली गुरे आणि मुंबईत कुठे टेकायचे हा प्रश्न, यांपैकी काहीही पॅकेजात बसत नाही.

माझे हे म्हणणे ऐकून काही मित्र म्हणतात की, मग खेड्यातल्या माणसाने दुय्यम उपचारांवर समाधान मानायचे का? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो टाळत नाही. ग्रामीण भागात हृदयशस्त्रक्रिया होऊ शकत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने आणि लोणीच्या प्रवरा रुग्णालयाने ते करून दाखवले आहे. मात्र हृदयशस्त्रक्रिया एकटा सर्जन करत नाही. भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ, रक्तपेढी आणि रात्रभर नळ्यांकडे पाहत बसणाऱ्या अनुभवी परिचारिका हे सारे लागते, आणि या सर्वांचा हात रोजच्या कामानेच चालता राहतो. महिन्याला दोन ऑपरेशने करणाऱ्या केंद्रात मी माझ्या भावाला पाठवणार नाही, मग माझ्या रुग्णाला का पाठवावे? दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक भक्कम केंद्र असावे. उद्‌घाटनाची फीत कापून कुलूप लागलेल्या खोल्यांपेक्षा ते शतपटीने बरे. सिंधुदुर्गापुरते बोलायचे तर, शेजारच्या राज्याच्या भल्या मनावर आपण किती दिवस अवलंबून राहायचे, हा प्रश्न 2018 साली गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना लावलेल्या शुल्काच्या निमित्ताने दोडामार्गात आंदोलन झाले तेव्हाच विचारला गेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते केंद्र तिथे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. पण ते उभे राहीपर्यंतच्या वर्षांत कपाटातल्या कुपीला काय हरकत आहे?

जिल्हा परिषदेत, ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत बसणारे जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी उद्या आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीनच गोष्टी विचाराव्यात. रात्री ईसीजी कोण काढते, गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, आणि त्यांची मुदत कधी संपते. उत्तर तोंडी घेऊ नये, कपाट उघडून पाहावे.

आणि ज्यांच्या घरात कोणाचा ईसीजी काढलेला आहे, त्यांना एक विनंती. तो गुलाबी चौकटींचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ट्रंकेत ठेवला की हळूहळू त्यावरच्या रेषा पुसट होत जातात. नव्या ईसीजीतला बदल आजचा आहे की जुना, हे ओळखायला आम्हाला तोच कागद लागतो. आजच त्याचा स्वच्छ उजेडात फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि मुंबईला असलेल्या मुलालाही पाठवून ठेवा.