रिम तापवून सरळ करणाऱ्यांनो, जरा थांबा

वाकलेल्या रिमवर गॅसचा बर्नर धरा, नरम झाली की पकडीने ओढा, वर गार पाणी ओता, झाली रिम नव्यासारखी. ‘सायकलवाल्याला एक रुपया देऊ नका’ अशी आरोळी ठोकणारा हा व्हिडिओ पाऊस लागल्यापासून गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. खड्ड्यांना तोटा नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईकही भरपूर. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा फोंड्याच्या भाच्याने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तुझा बर्नर दे, रविवारी करून टाकतो.’ हा मुलगा फर्मागुडीच्या उतारावरून सायकल मोकळी सोडणारा. म्हणून लिहितोय.

बर्नर, पाणी आणि त्याआधीची हातोड्याची ठोकाठोक याखेरीज व्हिडिओत आणखी चार गोष्टी आहेत: चपट्या जागेच्या तारा (स्पोक) आवळा, टायर काढायची गरज नाही, चाक आठाच्या आकड्यासारखं झालं असेल तर जमिनीवर ठेवून पाय द्या, आणि कार्बनची रिम तडकली तर एमसील भरा. शेवटच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. कार्बनच्या रिमची ताकद तिच्या अखंड धाग्यांत असते. धागे तुटले की वर पुट्टी थापून फक्त भेग दिसेनाशी होते. ती रिम टाकूनच द्यायची.

आता बर्नर. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींची रिम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, ६०६१ किंवा त्याच कुळातल्या एखाद्या. हा धातू मुळात मऊ. त्याला ताकद येते ती कारखान्यात: साधारण ५३० अंश सेल्सिअसवर तापवायचा, झटकन थंड करायचा आणि मग १६० ते १८० अंशांवर काही तास मुरवायचा. या मुरवण्यानंतर जी अवस्था येते तिला टी-६ म्हणतात. धातूंच्या कुठल्याही तक्त्यात ६०६१ ची ओळ काढून बघा. टी-६ अवस्थेत तो कायमचा वाकायला सुमारे २७५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण लागतो. तोच धातू तापवून पूर्ण नरम केला की ५५ पुरतो. म्हणजे ताकद एक पंचमांशावर. जाडी तीच, चकाकी तीच, वजन तेच, बाहेरून काही कळायला मार्ग नाही. व्हिडिओतला माणूस बोटाने दाबून दाखवतो आणि खुशीत म्हणतो, ‘बघा, कशी नरम झाली.’ अरे बाबा, तेच तर रडगाणं आहे!

बरं, किती तापली हे त्याला तरी कशावरून कळणार? लोखंड लाल होतं, डोळ्यांना दिसतं. अॅल्युमिनियम दिवसाउजेडी लाल दिसतच नाही. ५८० अंशांच्या पुढे ६०६१ वितळायला लागतो आणि तोवर तो चांदीसारखाच पांढरा असतो. व्हिडिओत रिमवरचं स्टिकर कुरळं होऊन जळताना स्पष्ट दिसतं. तिथेच त्या जागेची मुरवण निघून जायला सुरुवात झालेली असते. पुढे त्याच नरम कडेला आतून टायरची हवा बाहेर ढकलणार, बाहेरून ब्रेकचे रबर चिमटणार आणि पुढचा खड्डा आहेच. सपाट रस्त्यावर निदान थांबता येतं. फर्मागुडीच्या उतारावर कड फाकली आणि टायर सुटला तर काय होईल ते भाच्यानेच सांगावं.

पाण्याची गोष्ट तर याहून भारी. लोहार तापलेला कोयता पाण्यात घालतो आणि तो कडक होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. ते होतं कारण त्या पोलादात पुरेसा कार्बन असतो. अॅल्युमिनियमचं गणित वेगळं. तो भट्टीतून काढून पाण्यात बुडवला की आधी मऊच असतो, कडकपणा येतो तो नंतरच्या मुरवण्यातून. आणि इथे तर कारखान्याची भट्टी नाही, एका बाजूने फिरवलेली ज्योत आहे. त्यावर तांब्याभर पाणी ओतून वाफेशिवाय काही निघत नाही.

तारांबद्दलचा सल्ला सरळसरळ उलटा आहे. खड्ड्यात आपटून रिम चपटी झाली म्हणजे ती हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दिशेने आत गेली. तार रिमला हबकडे ओढते, ढकलू शकत नाही. मग आत गेलेल्या जागेची तार आवळली तर ती आणखी आत जाणार की बाहेर येणार? तिथल्या तारा आधी सैल करायच्या असतात, मग रिम बाहेर खेचायची आणि शेवटी ताण सगळीकडे सारखा करत आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढायचा. चांगल्या चाकात एकेक तार १०० किलोच्या आसपास ओढलेली असते, त्यामुळे हे काम पाव-पाव फेऱ्याने करायचं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत निप्पल, म्हणजे तार रिमला धरणारे छोटे नट, गंजून धरलेले असतात. आधी तेलाचा थेंब सोडून थांबला नाहीत तर निप्पलचे कोपरे गोल होतात आणि चावी नुसती फिरत राहते. टायर न काढता हे करणाऱ्याची ट्यूब वर आलेल्या तारेच्या टोकाने फुटली तर त्याने तक्रार करू नये.

पाय देण्याची युक्ती मात्र, नाइलाजाने मान्य करतो, अगदीच खोटी नाही. आडव्या धक्क्याने चाक आठासारखं झालं असेल तर पुष्कळदा रिमचा धातू फारसा वाकलेला नसतो, तारांच्या ताणामुळे चाक तिरकं अडकलेलं असतं. दाबलं की टक्कन जागेवर येतं. पण ते घर गाठण्यापुरतं. नंतर आउट काढावाच लागतो.

हातोड्याचंही तसंच. पोदेराची, म्हणजे आपल्या पाववाल्याची, सायकल बघा. लोखंडी रिम, मागे पावांची टोपली आणि दांड्यांचा ब्रेक. त्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगाला लागतात, कडेला नाही. अशा रिमची कड चेपली तर खाली लाकडाचा ठोकळा धरून मोगरीने (लाकडी हातोडीने) बसवतात आणि ती वर्षानुवर्षे चालते. व्हिडिओत बर्नरआधी ठोकून दाखवलेली रिम अशीच क्रोम चढवलेली लोखंडी आहे, नीट बघा! नव्या सायकलीत ब्रेकचे रबर थेट कडेच्या भिंतीला धरतात. तिथे थोडासा फुगा राहिला तरी दर फेरीला ब्रेक झटका देतो. डिस्क ब्रेक असेल तर ही कटकट नाही, टायर नीट बसला म्हणजे झालं.

अॅल्युमिनियमच्या कडेचा लहानसा पोचा थंडच काढता येतो. टायर-ट्यूब काढायची, स्क्रू पान्याच्या जबड्यांना जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि हळूहळू, एकदाच वाकवायचा. पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे केलं की धातू तडकतो. मग फडक्याने पुसून पोच्यावरून आणि तारांच्या भोकांभोवती नख फिरवायचं. नख केसाएवढ्या भेगेत अडकलं तर त्या रिमचं काम संपलं.

राहिला पैशांचा मुद्दा. रिम गेली म्हणून अख्खं चाक बदलावं लागतं असं नाही, आणि ही सोय व्हिडिओत कुणी सांगत नाही. तेवढीच भोकं असलेली नवी रिम जुन्या रिमला टेपने शेजारी बांधायची आणि वाकडी न झालेली एकेक तार तिकडून इकडे सरकवायची. हब तोच, तारा त्याच, फक्त नंतर आउट काढण्याची मजुरी. टायरवर ५५९, ५८४ किंवा ६२२ असा रिमच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) आकडा छापलेला असतो, तो जुळायला हवाच. पण आकडा जुळूनही नव्या रिमची खोली वेगळी असेल तर जुन्या तारा लांब किंवा आखूड पडतात, तेव्हा पैसे देण्याआधी दोन्ही रिम शेजारी ठेवून निप्पल बसतात तिथलं माप दुकानातच घ्या.