एएमडी म्हणजे नुसती नक्कल नव्हे

प्रोसेसरवरचा (संगणकाचा मेंदू म्हणजे ती चिप) हा लेख चांगलाय, पण त्यात प्रोसेसर बनवणारी एएमडी म्हणजे इंटेलची स्वस्तातली नक्कल असं एका वाक्यात उरकलंय ते काय पटलं नाही बघा. सुरुवातीला ते इंटेलचंच डिझाइन बनवायचे हे खरं, पण चोरून नव्हे, आयबीएमला पीसीसाठी एकाच कंपनीच्या भरवशावर राहायचं नव्हतं म्हणून १९८२ ला इंटेलनंच करार केला, पुढं ३८६ ह्या प्रोसेसरच्या वेळी इंटेलनं डिझाइन द्यायला हात आखडता घेतला आणि मग कोर्टबाजी सुरू झाली ती वर्षानुवर्षं. तरी १९९१ ला एएमडीचा एएम३८६ आलाच, आणि तो ४० मेगाहर्ट्झपर्यंत पळायचा, इंटेलचा ३३ वर थांबलेला. एएमडीच्याच पुढच्या के६ प्रोसेसरचं श्रेय मात्र नेक्सजेनला, ती कंपनीच एएमडीनं विकत घेतलेली (लेखात नावसुद्धा नाही तिचं).

खरी गंमत ६४ बिटची (प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप, आधी ३२ असायचं). इंटेलनं इटॅनियम नावाचा वेगळाच ६४ बिट प्रोसेसर काढला, त्यावर जुने प्रोग्रॅम रखडत चालायचे, आणि एएमडीनं २००३ ला ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये जुनं x८६ च (इंटेलच्या पीसी प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) वाढवून ६४ बिट केलं, जुनं नवं दोन्ही झकास चालतंय म्हटल्यावर वर्षभरात इंटेललापण तेच घ्यावं लागलं. म्हणजे आज राजारामपुरीतनं इंटेलचा लॅपटॉप आणला तरी आतला ६४ बिटचा पाया एएमडीचाच, मग नक्कल कुणी कुणाची केली?

एएमडीच्या बुलडोझर प्रोसेसरला मात्र लेखात शिव्या घातल्या त्या बरोबरच, २०११ ला आठ कोर म्हणून विकला आणि दोन कोरांत मिळून एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांशातली गणितं करणारा भाग), वर तापायचा किती! २०१७ ला एएमडीचा नवा प्रोसेसर रायझन आला आणि आता गेमिंगवाली पोरं आधी त्याचाच रेट विचारत्यात.