'ताठ उभे राहा' या संदेशाबाबत खुलासा

सांगली परिसरात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत आहे: भिंतीला टाचा, पाठ आणि डोके टेकवून रोज वीस मिनिटे ताठ उभे राहिल्यास जुनी कंबरदुखी २१ दिवसांत जाते, आणि कळ आली तरी थांबू नये. हा दावा चुकीचा असून त्यातील शेवटची सूचना तर घातक आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असू शकते. त्यामुळे कळ सोसत ताठरपणे उभे राहिल्याने स्नायू आणखी आवळतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठणे अवघड होते. शिवाय सर्वांना लागू पडेल अशी एकच 'योग्य ठेवण' नसते. तासगावच्या बागेत दिवसभर हात वर धरून द्राक्षाची छाटणी करणाऱ्या बाईंची पाठ आणि पेढीवर मांडी घालून हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींची पाठ यांना एकच माप कसे लावणार?

व्यायाम मात्र उपयुक्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस असून कमरेच्या पट्ट्याची नाही. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, श्वास सोडताना कंबर अलगद जमिनीकडे दाबावी आणि सैल सोडावी. प्रारंभी पाच वेळा पुरे. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले, तर संख्या कमी करावी.

पायात बधिरपणा वाढणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे.