खडी काढली म्हणून गोल्डफिश मरत नाहीत

गोल्डफिश पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "टाकीत दोन इंच खडी हवीच. चांगले जिवाणू खडीतच राहतात, ती काढली की पाणी बिघडतं. शिवाय गोल्डफिशला उकरायला खडी लागते, आणि नुसत्या काचेवर मासा बिथरतो."

आधी जिवाणूंचं बघू. माशांपासून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू ऑक्सिजन असलेलं वाहतं पाणी मिळेल त्या पृष्ठभागावर वाढतात. फिल्टरच्या स्पंजमधून पाणी सतत जातं, म्हणून त्यांची मुख्य वस्ती तिथे. खडीच्या वरच्या थरातही ते असतात, पण खालच्या थरात पाणी फारसं फिरत नाही. तिथे साचते विष्ठा आणि न खाल्लेले दाणे, जे कुजून अमोनियात भरच घालतात.

एका प्रकारच्या टाकीत मात्र हा दावा शंभर टक्के खरा आहे: जिथे खडीखाली प्लेट टाकून एअर पंपावर चालणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर बसवलेला आहे. तिथे पाणी खडीतूनच ओढलं जातं, म्हणजे खडी हाच फिल्टर. ती एका दिवसात उपसली तर अमोनिया चढणारच, आणि खडीविना मासे मेल्याच्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ या घाईत असतं. अशा टाकीत आधी स्पंज फिल्टर लावून तो चार ते सहा आठवडे सोबत चालू ठेवा. मग सायफनने (पाणी ओढणाऱ्या नळीने) गाळ ओढून घ्या आणि दर आठवड्याला साधारण एक तृतीयांश खडी काढा. त्या काळात खाणं निम्मं करा, दर दोन दिवसांनी अमोनिया तपासा. तो 0.25 पीपीएमच्या (दहा लाखांतले भाग) वर दिसला तर 30 टक्के पाणी बदला आणि पुढची खडी थांबवा. नवं पाणी क्लोरीन काढलेलंच हवं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नाहीतर जिवाणू क्लोरीननेच मरतील.

आता उकरण्याचं. गोल्डफिश तळ तोंडात घेऊन चाळतो आणि नको ते थुंकतो, हे खरंच आहे. पण त्यासाठी खडी ही सर्वात वाईट निवड. बाजारात मिळणारे 5 ते 10 मिलिमीटरचे खडे त्याच्या तोंडात मावतात आणि कधी कधी तिथेच अडकतात. मासा तोंड उघडं ठेवून फिरतो, खात नाही. अशा वेळी ओल्या हाताने त्याला डोकं खाली करून धरतात आणि गळ्याखाली हलकेच दाबतात. चाळण्याची हौस पुरवायचीच असेल तर धुतलेली बारीक, गुळगुळीत वाळू टाका, एक ते दीड सेंटिमीटर, त्याहून जाड नको. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, वाळू इम्पेलर (पंपाचं फिरतं पातं) खाते.

पांढऱ्या खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघावेत. बुडबुडे आले तर ती संगमरवरी किंवा चुनखडीची, म्हणजे पाणी कठीण करणारी आणि पीएच (पाण्याची आम्लता-क्षारता) चढवणारी. कठीण पाणी गोल्डफिशला चालतं, पण पीएच चढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

बिथरण्याचा मुद्दा अगदीच निराधार नाही. खालून उजेड आला किंवा काचेत प्रतिबिंब दिसलं तर काही मासे दचकतात. टाकीखाली बहुतेकांकडे पांढरं थर्मोकोल असतं. त्यावर काळा कागद घातला की झालं. लपायला ॲन्युबियास किंवा जावा फर्न या पाणवनस्पती दगडाला दोऱ्याने बांधून ठेवा. या जाड पानांच्या वाटेला गोल्डफिश सहसा जात नाही.

"उघड्या तळाची टाकी घाण दिसते" असंही ऐकू येतं. दिसते, कारण घाण लपायला जागाच नसते. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या तळावर दोन इंच खडी म्हणजे नऊ लिटरचा थर, अंदाजे 14 किलो. त्यातून गाळ ओढायला प्रत्येक इंचात सायफन खुपसावा लागतो आणि ते कोणी नेमाने करत नाही. काचेवरची विष्ठा आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटांत, पाणी बदलता बदलताच निघते.