भिंतीपलीकडची शाळा
पुण्यातल्या वाघोलीच्या वाहतूक कोंडीवर एका लेखात नगर रस्ता, म्हणजे इथला हायवे, रुंद करायचा उपाय सुचवलाय. मी इथेच राहते. मुलाची शाळा आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून, सकाळची प्रार्थना गॅलरीत ऐकू येते. पण मधे वाटच नाही. रोज हायवेला जा, यू-टर्न घ्या, दोन किलोमीटरचा वळसा! अशा सगळ्यांच्या गाड्या त्या एकाच रस्त्यावर. पुण्याच्या जुन्या पेठांत एक बोळ बंद असला तर दुसऱ्यातून निघता येतं. इथे शेताचा एकेक तुकडा विकला गेला, ज्याने त्याने कुंपण घातलं. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही. आता तरी आतले जोडरस्ते आधी करा हो. निदान पायवाट द्या, पोरं दप्तर घेऊन हायवे ओलांडतायत.