हिरवी मुनिया परदेशी नाही

‘रावेरच्या केळीबागेत परदेशी हिरवी चिमणी आली आहे, धरून पाळायला हरकत नाही’ हा संदेश गेल्या आठवड्यात मीही पुढे पाठवला होता; तो चुकीचा आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर लाल चोच, पिवळे पोट आणि कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे स्पष्ट दिसले. ही हिरवी मुनिया असून तिचे मूळ घर भारतच आहे. दक्षिण राजस्थान व मध्य भारतातील गवताळ माळांवर आणि उसाच्या फडांत ती थव्याने वावरते, गवताचे बी टिपते. मुख्यतः पिंजऱ्यासाठी झालेल्या धरपकडीमुळे (रंग देखणा, हाच तिचा शाप) तिची संख्या घटली असून आज ती जागतिक पातळीवर असुरक्षित गणली जाते. तिला पकडणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये.