गुडघा बोटांपुढे गेला तर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. बैठकांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "अर्धवट माहिती. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की सांध्याची वाट लागते, हे जिममधल्या पोरालाही कळतं. वय-वजनाचा विचार नाही, आकृती नाही." आकृती हवी होती, मान्य. पण 'पोरालाही' कशासाठी? टोमणा मारल्याने मुद्दा पक्का होत नाही. शरीररचना शिकवण्यात माझी हयात गेली. निकाल देण्याआधी एखादा प्रश्न विचारला असतात तर बिघडलं नसतं.

आता ते वाक्य. जिना उतरताना वरच्या पायरीवरच्या पायाकडे बघा. दुसरा पाय खाली टेकेपर्यंत त्याचा गुडघा बोटांच्या पुढे गेलेलाच असतो. मग जिनेही बंद करायचे का?

बैठकीत घोटा, गुडघा आणि खुबा एकदम वाकतात, आणि अंगाचा भार पावलांवरच राहावा लागतो. नडगी उभीच ठेवायचा हट्ट धरलात की तोल राखायला धड पुढे झुकतं. गुडघ्याचं ओझं खुब्यावर आणि कमरेवर जातं. 2003 सालच्या एका अभ्यासात खांद्यावर वजन घेऊन बसणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढे, ते बोटांपुढे जाऊ नयेत म्हणून, फळी लावली होती. गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, सुमारे 150 वरून 117 न्यूटन-मीटरवर उतरला. खुब्यावरचा 28 वरून 303 वर गेला! हा सौदा तुम्हाला फायद्याचा वाटतो?

खोल बसताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते, हे खरं. पण ती दाब पेलण्यासाठीच आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा) ती सांध्यापासून थोडा दूर धरते, म्हणून कमी ताकदीत पाय सरळ होतो. तिच्यामागच्या कूर्चेत, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटला की सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि त्यावर ती जगते.

बिघडतं ते घोट्यात. पोटरी आखडलेली असली की नडगी पुढे झुकत नाही, मग पाऊल आत कलंडतं आणि त्यामागोमाग गुडघाही आत वळतो. तालमीतल्या बैठकीत टाच मुद्दाम उचलतात, ते वेगळं. तपासायचं असेल तर अंगठा भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर रोज पोटरी ताणा, आणि घोटा सुटेपर्यंत टाचेखाली पातळ फळी घेऊन अर्धीच बैठक काढा.

वय-वजनाचं म्हणाल तर तो या लेखाचा विषयच नव्हता.